कारणाचा रकाना

आमच्या खांदा कॉलनीतल्या सोसायटीत मी कुठलीही सूचना लावली, की तासाभरात तिच्याखाली पेन्सिलीने एक शब्द उमटतो: ‘कारण?’ पाणी नऊला येणार. कारण? गच्चीला कुलूप. कारण? हे अक्षर तिसऱ्या मजल्यावरच्या मुकादमभाईंचं. माझ्याकडे चहा प्यायले तरी पहिल्या घोटाला विचारतात, “वहिनी, आज आलं वाढलंय. कारण?”

मी सोसायटीची सेक्रेटरी, याद्या करणारी बाई. म्हणून आमचं जमतं.

मुकादमभाई तळोज्याच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. निवृत्तीनंतर संगणक शिकले आणि त्यातही एक स्टोअर शोधलं. जगभरची माणसं हौसेने सॉफ्टवेअर बनवतात आणि कुणीही फुकट वापरावं म्हणून एका सामायिक भांडारात ठेवतात. त्यातल्या मराठी कप्प्याची राखण मुकादमभाईंकडे. कुणी दुरुस्ती पाठवली की तपासायची. पटली तर आत, नाहीतर परत. पगार नाही, रुबाब मात्र कस्टमवाल्याचा.

“लोक सामान गेटवर टाकून पळतात, वहिनी. काय बदललं ते सांगतात. का बदललं ते कोण सांगणार? त्यांचे अब्बा?”

दुरुस्तीबरोबर कारणाचा रकाना भरावा लागतो. तो रिकामा दिसला, की दुरुस्ती परत.

सावंतवाडीकडच्या सुमेधाबाई नावाच्या शिक्षिकेने मुलांसाठी अक्षरओळखीचा खेळ बनवून भांडारात ठेवला होता. दोघं कधी भेटलेले नाहीत. बाईंच्या नऊ दुरुस्त्या भाईंनी परत पाठवल्या होत्या. नवव्या वेळी लिहिलं, ‘कारण अपुरे.’ त्यानंतर बाई गप्प झाल्या.

आणि भांडाराचा नियम असा, की नवी आवृत्ती निघण्याआधी ज्या सॉफ्टवेअरचा सांभाळणारा उत्तर देत नाही, ते बाहेर. मुदत शुक्रवारी संध्याकाळी पाचची.

गुरुवारी भाई एक कागद घेऊन आले. बाईंना पाठवायचं पत्र, चौथं. आधीच्या तिन्हींना उत्तर नव्हतं. “जरा तपासा. ‘माफी’ दोनदा आलंय, जास्त होतं का?”

आयुष्यात पहिल्यांदाच या माणसाने स्वतःचं काही तपासायला दिलं होतं. मी म्हटलं, “असू दे. पण सांभाळणारा म्हणून तुमचंच नाव घाला ना. खेळ तरी वाचेल.”

“घर बंद दिसलं म्हणून आपली पाटी लावायची? बाई परत आल्या तर उंबऱ्यावरून फिरतील.”

शुक्रवारी चार वाजता कॉलनीची वीज गेली. सव्वाचारला दारात भाई, छातीशी संगणकाचा डबा धरून. “वहिनी, तुमच्याकडे इन्व्हर्टर हाय ना?” घाईत त्यांच्या तोंडी गावची बोली येते. मी लगेच कामं वाटली: स्क्रीन आमच्या ह्यांनी आणायचा, कीबोर्ड मी, पंखे सगळे बंद. चार पस्तीसला इंटरनेट लागलं.

बाईंचं पत्र आलेलं होतं.

भाईंना चष्मा सापडेना, मीच वाचलं. बाईंची बदली आडगावी झाली होती, तिथे फोनची लाइनसुद्धा नव्हती. आज तालुक्याला आल्या, तेव्हा चारही पत्रं एकदम मिळाली. ‘रागावले नव्हते. नऊ वेळा इतकं बारकाईने माझं काम कुणी पाहिलं नव्हतं. सोबत दहावी दुरुस्ती.’

चष्मा भाईंच्या कपाळावरच होता. त्यांनी दुरुस्ती उघडली, ओळ न् ओळ तपासली, खेळ चालवून पाहिला. ‘क’वर कमळ उमललं. चार बावन्न झाले होते.

“भाई,” मी म्हटलं, “कारणाचा रकाना रिकामा आहे.”

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मीच काहीतरी नियमबाह्य बोलले. मग कीबोर्ड पुढे ओढला आणि एका बोटाने तो रकाना स्वतः भरला. मी खांद्यावरून वाचलं: ‘बाई परत आल्या.’

पाचला तीन मिनिटं कमी असताना खेळ आत गेला.

मी चहा केला. गडबडीत साखर दुप्पट पडली होती. भाई शेवटच्या घोटापर्यंत प्यायले आणि काही विचारलं नाही.