गोमाजी अस्वलाच्या सहा गाठी

एका जंगलात, पोरांनो, गोमाजी नावाचं अस्वल राहत होतं. त्याच्या जठरात कर्करोग निघाला. तुम्ही घाबरू नका. त्या जंगलात घाबरायचं काम फक्त रोग्याकडे होतं.

इस्पितळाचे प्रमुख मोरसाहेब. त्यांनी पिसारा आवरून शस्त्रक्रिया केली. जठर काढलं, भोवतालच्या चरबीतल्या लसिकाग्रंथीही काढल्या. रोग किती पसरलाय ते या बारीक गाठींवरून कळतं. निदान सोळा तरी तपासाव्यात, असा जुना नियम होता. पण तपासनीस ससेभाऊंना घरी जायची घाई. त्यांनी सहा तपासल्या. एक खराब निघाली.

"गाठींवरून आजाराची पहिलीच पायरी!" मोरसाहेब म्हणाले. "पुढचं औषध नको."

गोमाजीच्या बायकोनं, चिमाबाईनं, रीतीप्रमाणे सगळ्या इस्पितळात मध वाटला. गोमाजीचा जीव भांड्यात पडला. धाकट्या लेकीला कड्यावरच्या पोळ्यापर्यंत चढायला शिकवायचं राहिलं होतं. त्यासाठी त्याला दोन वर्षं हवी होती. बिचाऱ्याचं मागणं तेवढंच होतं.

दुसऱ्या दिवशी तपासणीच्या कामावर मुंगीताई आल्या. त्यांनी उरलेली चरबी कणाकणानं उकरली. आणखी सोळा गाठी सापडल्या.

"बावीसपैकी नऊ खराब," त्या म्हणाल्या. "ही तिसरी पायरी आहे. औषध आजच सुरू करा."

"काल पहिली होती!" चिमाबाई कडाडली. "एका दिवसात तिसरी? हिनंच वाढवला आजार!"

"अहो, गाठी आत होत्याच. मी नुसत्या शोधल्या."

"कुणी सांगितलं होतं शोधायला? मध वाटून झालाय आमचा!"

"साहेब," गोमाजी हळूच म्हणाला, "औषध घेऊन टाकू का?"

"तुम्ही गप पडा हो," चिमाबाई म्हणाली. "पेशंटनं टेन्शन घ्यायचं नसतं."

वाद मिटेना. मग मोरसाहेबांनी सभा बोलावली आणि मतदान घेतलं. पहिल्या पायरीच्या बाजूनं सगळ्यांचे पंजे वर गेले. गोमाजीनंही आपला पंजा वर केला. काय करणार? जगायची हौस असलेला प्राणी तिसऱ्या पायरीला मत कसं देईल?

मुंगीताईंची बदली नदीपलीकडे झाली. आता पहिल्या पायरीच्या रोग्याला औषध मागायचा हक्कच नव्हता, त्यामुळे गोमाजीनं ते मागितलं नाही.

वर्षभरात तो गेला. लेक अजून खालच्याच दगडावर चाचपडत होती.

शोकसभेत मोरसाहेबांचा ऊर भरून आला. "मित्रांनो, इतर जंगलांत रोगी शेवटच्या पायरीवर मरतात. आपला गोमाजी पहिल्याच पायरीवर गेला. शेवटपर्यंत त्यानं आजार वाढू दिला नाही!"

टाळ्या थांबेनात.

तात्पर्य: रोगी बरा झाला नाही तरी चालेल, रिपोर्ट बरा आला पाहिजे. आणि ज्याला नीट मोजता येतं, त्याला इस्पितळाच्या आसपास फिरकू देऊ नये.