लाल गाडी आणि पुंडलिकचा टँकर

व्यंकटराव चौसाळकरांच्या साठीशांतीला आठ दिवस उरले होते आणि त्यांच्या चिरंजीवांची गाडी अजून बंद पडली नव्हती. घरात सगळ्यांना दुःख होते ते याचेच. बंद पडली असती तर कुणीतरी ती ओढून नेली असती, दारातली जागा मोकळी झाली असती आणि तिथे मांडव घालता आला असता.

गाडी लालभडक, दोनच दारांची आणि दोनच माणसांची. सुयश वाळूजच्या एका कारखान्यात इंजिनिअर होता. सातवीत असताना वहीच्या पुठ्ठ्यावर डकवलेल्या चित्राशी इतकी वर्षे इमान राखून त्याने ही जुनी पण झोकदार गाडी पुण्याहून आणली होती. ताशी अडीचशेच्या वर जाते, असे तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे. शहराच्या टोकाला असलेल्या सातारा परिसरातल्या त्यांच्या कॉलनीत तेवढ्या वेगाने फक्त बातमी जात असे. गाडीची बैठक जमिनीपासून जेमतेम वीतभर वर. व्यंकटराव तिच्यात एकदाच बसले आणि बाहेर निघताना दोघांना त्यांना हात द्यावे लागले. तेव्हापासून ते तिला गाडी न म्हणता नुसते 'ते' म्हणत.

साल दुष्काळाचे होते. शहर चारी दिशांनी वाढत सुटले होते, पण नळ काही त्याच्या मागे धावत नव्हते. कॉलनीला पाणी यायचे ते चार दिवसांनी एकदा, पुंडलिकच्या टँकरने. क्वचित तो मधेच एखादा जादा फेराही टाकी, म्हणून टँकरचा आवाज आला की वार न पाहता सगळे बाहेर पडत. गाडी धुणे तर पापातच जमा होते. सुयशची आई अनसूयाबाई भाजी धुतलेले पाणी आधी तुळशीला घालत, उरले तर फरशीला, आणि त्यातूनही उरले तर सुयशच्या वाट्याला तांब्याभर येई. त्यात धूळ अशी उडे की इंजिनाला ती लागू नये म्हणून सुयशने घरातली जुनी मच्छरदाणी कापली, दुहेरी केली आणि गाडीच्या नाकात बसवून टाकली. तो स्वतः इंजिनिअर असल्यामुळे कुणाला विचारण्याचा प्रश्न नव्हता.

गाडीची एकच गोष्ट त्याला खुपत होती. ती गुरगुरत नव्हती. चित्रातली गाडी त्याच्या मनात इतकी वर्षे गुरगुरत आली होती आणि दारातली मात्र पाहुण्यांसमोर बोलावे तशी हळू बोलत होती. म्हणून तो शहागंजातल्या इब्राहीमभाईंकडे गेला. इब्राहीमभाईंनी तीस वर्षांत रिक्षापासून ट्रकपर्यंत सगळे दुरुस्त केले होते आणि कोणत्याही इंजिनाशी बोलताना त्यांना कधी संकोच वाटला नव्हता. त्यांनी गाडीखाली डोके घालून पाहिले.

"सुयशभाऊ, साइलेन्सर म्हणजे इंजिनच्या तोंडावर बांधलेला रुमाल," ते म्हणाले. "बेचाऱ्याला लई बोलायचंय. काढू का रुमाल?"

सुयशने परदेशातून मागवलेला चकचकीत पाइप बरोबरच आणला होता. दुपारपर्यंत तो बसला. गाडी चालू केली तशी समोरच्या माडीवरची कबुतरे उठली आणि शेजारचा अत्तरवाला हिशोब विसरला. सुयशच्या डोळ्यांत पाणी आले. खरे सांगायचे तर त्या साली कॉलनीत कुणाच्या डोळ्यांत पाणी येणे हीसुद्धा उधळपट्टीच होती, पण त्याला ते आवरले नाही.

संध्याकाळी गाडी गुरगुरत कॉलनीच्या वळणावर आली आणि घराघरांतून माणसे बाहेर पडली. कुणाच्या हातात बादल्या, कुणाच्या हातात पाइपचे वेटोळे, कुणी ड्रम गडगडवत आणलेला. सगळ्यांत पुढे शेजारच्या द्वारकाबाई, दोन कळश्या घेऊन. पाण्याच्या रांगेत कोण कुठे उभे राहणार हे त्याच ठरवत आणि त्यांच्या निकालावर अपील नव्हते. आपली गाडी पाहायला एवढी माणसे लोटली असे वाटून सुयशने ऐटीत काच खाली केली.

द्वारकाबाईंनी गाडीच्या मागे पाहिले, पुढे पाहिले, मग वाकून सुयशकडे पाहिले.

"टँकर कुठंय?" त्यांनी विचारले.

उलगडा व्हायला वेळ लागला नाही. पुंडलिकच्या टँकरचा साइलेन्सर दोन वर्षांपूर्वी एका दगडावर आपटून फुटला होता. तेव्हापासून तो जो घरघराट करत येई, तीच कॉलनीची पाण्याची घंटा होती. थोडक्यात, पुंडलिकला जे रस्त्यातल्या दगडाने फुकट दिले होते, ते सुयशने परदेशातून मागवले होते.

"पाणी नाय तर वरडता कशाला?" एवढे बोलून द्वारकाबाई रिकाम्या कळश्या घेऊन माघारी वळल्या.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच झाले. तिसऱ्या दिवशी निम्मीच माणसे आली. चौथ्या दिवशी सुयश घरीच होता, तेव्हा टँकरची पाळी सुखरूप पार पडली. त्यानंतर दोन दिवसांत कॉलनी पुरती शहाणी झाली. घरघराट ऐकू आला की माणसे जागची न हलता म्हणत, चौसाळकरांचा आला. सुयशला वाटले, प्रश्न मिटला. आपल्या गाडीला लोकांनी ओळखायला सुरुवात केली याचा त्याला अभिमानही वाटू लागला.

साठीशांतीच्या आदल्या दिवशी टँकरची पाळी होती. सिल्लोडहून अनसूयाबाईंच्या माहेरची माणसे निघाली होती, स्वयंपाकाची पातेली मांडून ठेवली होती आणि घरातला एकूण एक हंडा घासून पालथा घातलेला होता. सुयशने रजा घेतली होती. चारच्या सुमाराला तो अर्ध्या मगात दाढी करत असताना बाहेरून तो घरघराट आला, वळणावर थांबला, दोनदा हॉर्न वाजला.

"आला बघ आपला सुयश," अनसूयाबाई स्वयंपाकघरातून सवयीने म्हणाल्या. अख्ख्या कॉलनीने आपापल्या घरात साधारण हेच म्हटले.

सुयशही आरशासमोर हात थांबवून ऐकत राहिला. आपल्या गाडीचा आवाज लांबून किती भरदार येतो, असे त्याला वाटले. तो सुखावला. अर्धा गाल साबणाचा तसाच ठेवून त्याने आणखी थोडा वेळ ऐकले. मग आवाज हळूहळू दूर गेला, आणि आपण तर घरात आहोत, हे त्याच्या लक्षात आले.

तो तसाच धावत बाहेर आला तेव्हा वळणावर फक्त धूळ होती. कुणी आले नाही तर पुढच्या कॉलनीला जायचे, हा पुंडलिकचा नियम सगळ्यांना ठाऊक होता. चुकली ती पाळी चुकली, पुढचे पाणी चार दिवसांनी.

घरात शांतता पसरली. साठी व्यंकटरावांची असली तरी शांती आज अशी लाभेल असे कुणाला वाटले नव्हते. व्यंकटरावांनी पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षे धरणांच्या फायली पुढे सरकवल्या होत्या. ते आरामखुर्चीतून उठले.

"उद्या गुरुजी माझ्यावर अभिषेक करणार," ते अगदी शांतपणे म्हणाले. "तो त्यांनी कशानं करावा असं तुझं मत आहे?"

सुयशला पहिल्यांदाच मनापासून लाज वाटली. वडिलांनी आयुष्यात स्वतःसाठी एवढा एकच समारंभ मागितला होता. त्याने किल्ली उचलली आणि टँकर परत घेऊन येतो, असे सांगितले. ताशी अडीचशेने जाणारी गाडी ताशी तीसने जाणारा टँकर गाठणार नाही, तर कोण गाठणार? टँकरचा रस्ता मात्र द्वारकाबाईंनाच ठाऊक होता. त्यांनी साडीचा काष्टा आवळला, देवाचे नाव घेतले आणि एक कळशी मांडीवर धरून त्या वीतभर उंचीवर जाऊन बसल्या.

कॉलनीतून बायपासपर्यंत सात गतिरोधक होते. जो तो आपल्या दारासमोर आपल्या ऐपतीप्रमाणे उंचवटा घालून घेई. पुंडलिकचा टँकर त्यांच्यावरून थेट गेला होता. सुयशची गाडी सरळ नेली तर पोट घासे, म्हणून ती प्रत्येक ठिकाणी तिरकी करावी लागे आणि एक-एक चाक उचलून पलीकडे ठेवावे लागे. चौथ्या गतिरोधकाला एका म्हाताऱ्या सायकलस्वाराने त्यांना मागे टाकले. द्वारकाबाईंनी त्याला मान वळवून नीट पाहिले.

अखेर बायपास आला. दूरवर टँकरची पाठ दिसली. सुयशने पाय दाबला, गाडी डरकाळी फोडून झेपावली आणि आयुष्यात कधी नव्हे ते द्वारकाबाईंनी सुयशचा हात धरला. अर्धे मिनिट सगळे काही त्या पुठ्ठ्यावरच्या चित्रासारखे झाले. मग गरमीचा काटा वर चढला, बॉनेटमधून वाफ निघाली आणि गाडी रस्त्याच्या कडेला गप्प उभी राहिली.

पुढे, पलीकडच्या कॉलनीच्या कडुनिंबाखाली टँकर थांबून हॉर्न देत होता. सुयशने इब्राहीमभाईंना फोन लावला. तेवढ्यात द्वारकाबाई दार धरून कशाबशा बाहेर आल्या, कळशी काखेला मारली आणि चालू लागल्या. इब्राहीमभाई फोनवर, झाकण गरम असताना उघडू नका, असे सांगत होते तेव्हाच त्या टँकरपाशी पोचल्यासुद्धा होत्या. अडीचशेच्या गाडीला जे जमले नाही ते साठीच्या बाईने चपलांवर केले.

स्कूटरवरून इब्राहीमभाई आले. त्यांनी गाडीच्या नाकात हात घातला आणि धुळीने लिंपलेली दुहेरी मच्छरदाणी ओढून बाहेर काढली. ती त्यांनी दोन्ही हातांत धरून उजेडात पाहिली.

"इंजिनला डास चावत होते काय?" त्यांनी विचारले. "हवाच बंद केली तुम्ही, भाऊ. जीव घुसमटला बेचाऱ्याचा."

गाडी निवल्यावर तिच्यात पाणी घालायचे होते आणि ते द्वारकाबाईंच्या कळशीतूनच आले. मागून पुंडलिकही आला. तो रागावलेला नव्हता, दुखावलेला होता. दोन वर्षे आपला आवाज ऐकून माणसे ताटावरून उठत होती, आज एक कुत्रंसुद्धा बाहेर आलं नाही, असे त्याने सांगितले. हा फेरा या कॉलनीचा. संध्याकाळी जादा फेरा घालायला त्याची ना नव्हती, पण त्याची एक अट होती.

"एका कॉलनीत एकच आवाज ऱ्हाईल," तो म्हणाला. "तुमचा नायतर माझा. ठरवा तुम्ही."

सुयशने गाडीकडे पाहिले. चकचकीत पाइप अजून ऊन ऊन होता. सातवीपासूनचे स्वप्न होते ते, आणि आठवडाभरच भेटले होते. मग त्याला आरामखुर्चीतून उठलेले वडील आठवले. त्याने इब्राहीमभाईंना रुमाल परत बांधायला सांगितले. सांगताना त्याचा आवाजही गाडीसारखाच खाली आला.

संध्याकाळी टँकर आला. केबिनमध्ये द्वारकाबाई बसल्या होत्या आणि खिडकीतून एकेका घराला नावाने हाक मारत होत्या, त्यामुळे कुणाची चूक झाली नाही. दुसऱ्या दिवशी व्यंकटरावांवर यथासांग अभिषेक झाला. सिल्लोडकर मंडळी तृप्त झाली. सुयशने गाडी आपणहून मैदानात नेऊन लावली होती आणि तिच्या जागी मांडव शोभत होता.

पुढची पाळी आली. ऑफिसहून मुक्या गाडीने परतलेला सुयश खाटेवर पडला होता. एवढ्यात वळणावरून गुरगुर आली. ती फुटक्या पत्र्याची घरघर नव्हती, तो गोल, भरदार, परदेशी आवाज होता. सुयशच्या अंगावर काटा आला. तो गॅलरीत धावला. पुंडलिकचा टँकर येत होता आणि त्याच्या पोटाखाली तो चकचकीत पाइप झळकत होता. टँकरचा जुना साइलेन्सर शेवटी त्याच सातांपैकी एका गतिरोधकावर गळून पडला होता, आणि इब्राहीमभाईंच्या हिशेबी पाइप आखिर पाइप होता. त्यांनी जोड देऊन तो बसवला आणि चांगली वस्तू पडून राहू नये, एवढेच कारण सांगितले.

"आता कसा रुबाबदार आवाज येतो," द्वारकाबाई रांगेत म्हणाल्या. "नायतर मागं कुणाची तरी गाडी वरडायची बघा."

अनसूयाबाईंनी सुयशच्या हातात दोन बादल्या दिल्या. पाण्याचा पंप टँकरच्या इंजिनावरच चालत असल्यामुळे शेवटची बादली भरेपर्यंत इंजिन चालू राहणार होते. सुयश सगळ्यांत आधी जाऊन उभा राहिला, मग मागच्याला पुढे जाऊ दिले, मग त्याच्या मागच्याला. दर चार दिवसांनी तो असेच करू लागला. त्याला कुणी विचारले तर तो हसून म्हणे, आधी तुम्ही घ्या.

द्वारकाबाई तेव्हापासून नव्या बिऱ्हाडकरूंना चौसाळकरांच्या मुलाचे उदाहरण देतात. पाण्याला सगळ्यांच्या आधी येतो आणि सगळ्यांत शेवटी भरतो, असे संस्कार आजकाल कुठे राहिलेत, असे त्या म्हणतात. व्यंकटराव ते ऐकतात आणि मान डोलावतात.