बर्वेकाकांचा उलटा आकडा

इंदुरात माझा निभाव लागला तो बर्वेकाकांमुळे. हे आधीच सांगतो, कारण पुढचं ऐकून तुम्ही त्यांना चक्रम म्हणाल.

काका फिजिक्सचे रिटायर्ड मास्तर. हातात कायम एक प्लास्टिकचा डबा, त्याला घुबडासारखे दोन डोळे. मी खोली विचारायला गेलो तेव्हा तो माझ्यावरच रोखला. "एकशेबारा सेंटिमीटर. पास ये भिया, लांबून ऐकू येत नाही."

डब्याचा एक डोळा आपल्याला न ऐकू येणारा आवाज सोडतो, तो आपटून परतला की दुसरा ऐकतो, आणि किती वेळ लागला त्यावरून आतली चिप अंतर काढते. नववीत शाळा सुटलेल्या मला एवढंच कळलं, की काका भिंतींशी बोलतात. ताटलीतल्या पोह्यांचा ढीगसुद्धा मोजायचे. "अंदाज म्हणजे अफवा!"

सियागंज बाजारातल्या दुकानातलं काम संपवून परतलो, जिना चढलो की आतून रोज हाक, "कोण आहे?" माझ्याशिवाय येणार कोण? मग विचारायचं कशाला, तेही मला कळायचं नाही.

गच्चीवरच्या टाकीच्या झाकणाला असाच डबा होता. त्याचा आकडा स्वयंपाकघरातल्या स्क्रीनवर दिसे. एकदा काका देवासला लग्नाला निघाले. "मोटर लाव, टाकी भरली की बंद कर. आकडा देखत राहा."

मी बघत राहिलो. नव्वद. ऐंशी. साठ. मोटर चालू आणि पाणी कमी होतंय? घाबरून मोटर चालूच ठेवली. शेवटी आकडा वेड्यासारखा नाचू लागला आणि जिन्यावरून पाणी धो धो. शेजारच्या काकूंचे मुगाचे पापड वाहून गेले. खालचा हौद कोरडा, नळ परवा येणार. आता खोली गेलीच, म्हणून मी बॅग भरली.

"अरे, तो आकडा झाकणापासून पाण्यापर्यंतचा!" काका आल्यावर ओरडले. "पाणी चढलं की कम होणारच ना!"

"म्हणजे जास्त म्हणजे कमी?"

"हो!"

"आणि कमी म्हणजे...?"

काका तडक आत गेले. मग लॅपटॉप उघडून बसले.

सकाळी आकडा गायब. स्क्रीनवर शब्द होते: 'टाकी भरली. मोटर बंद कर.'

"चूक माझी," काका म्हणाले. "इतकी वर्षं वाचणारा मी एकटाच होतो ना, माझ्यापुरतं लिहिलं होतं. आता दोघं आहोत. बॅग खोल."

हल्ली ते मला हे सगळं शिकवतात. माझा गोंधळ अजून तसाच आहे. पण एक दिवस जिन्याला असाच डबा बसवून याची फेड करीन. मी पहिली पायरी चढलो की, 'कोण आहे?' म्हणायच्या आतच, काकांच्या समोर शब्द उमटतील: 'काका, मी आलोय.'