मधुभाऊंची पोटचौकशी

मधुभाऊ कुणाला 'राम राम' घालत नसत. माणूस दिसला की विचारत, "पोट कसं आहे?"

मुकुटबनच्या कापूस खरेदी केंद्रावर ते कापसाची प्रत ठरवणारे ग्रेडर आणि मी पावत्या फाडणारा कारकून. त्या वर्षांत भाव पडलेले, गाड्यांची रांग दोन-दोन दिवस हलत नसे. एखादा शेतकरी शिवी तोंडात धरूनच आत शिरायचा आणि मधुभाऊ त्याला गंभीरपणे विचारायचे, "सकाळी पोट साफ झालं का?" शिवी तिथंच विरायची.

पोट आणि काळीज म्हणजे एकाच तारेवरचे दोन दिवे, असा त्यांचा सिद्धांत. "एक मिणमिणला की दुसरा पाहून घ्यावा, गज्या." मला नुसता ढेकर आला तरी ते माझी नाडी धरत. मी पोटावर हात धरून त्यांची नक्कल करायचो, हमालांना हसवायचो. एकदा हमाल हसेनात म्हणून वळून पाहिलं, तर मागे तेच उभे. म्हणाले, "हात जरा खाली धर. पोट तिथं नसते."

त्यांची लेक राणू नऊ वर्षांची. जन्मतःच हृदयाला छिद्र होतं. नागपूरला ऑपरेशन करून ते बुजवलेलं. पण पोट सारखं दुखायचं. सगळ्या तपासण्या झाल्या, कशातच काही निघेना. शाळेतले मास्तर म्हणाले, ढोंग आहे.

एका रविवारी मी त्यांच्याकडे जेवायला गेलो होतो. राणू पोट धरून पानावरून उठली. मी शहाणा. म्हणालो, "उद्या गणिताचा पेपर दिसते."

कुणीच हसलं नाही. राणू आत निघून गेली.

मधुभाऊ मला अंगणात घेऊन आले. वाटलं, आता हाकलतात.

"गाडीतला कापूस वरून पांढराच दिसते, गज्या. कोपरापर्यंत हात घालतो तवा आतली ओल लागते. पोरीच्या पोटात कोण हात घालीन? ते सांगते तेच मानावं लागते." मग म्हणाले, "नागपूरच्या डॉक्टरले विचारलं, काळजाचा न पोटाचा काही संबंध हाये का. तो म्हणे, असू शकते, पक्कं सांगता येत नाही. मले तेवढं पुरते."

"पण साऱ्या गावाचं पोट कायले विचारता?"

"राणू म्हणे, बाबा, मलेच काहून दुखते? तवापासून रोज घरी येऊन सांगतो, आज याचं दुखलं, आज त्याचं. तेवढंच बरं वाटते तिले. तू काही कामाचा नाहीस. कधीबी विचारलं तर 'मस्त'."

मी आत गेलो. राणू भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"राणू, मी चुकलो. कुठं दुखते, सांगशील?"

तिनं कूस बदलून माझ्याकडे नीट पाहिलं, हसतोय का ते. "इथं," तिनं बेंबीपाशी हात ठेवला. "मग इकडं सरकते. मग थांबते, न पुन्हा येते."

ती सांगत राहिली, मी ऐकत राहिलो. बाहेर मधुभाऊ एकेक ताट झाकून ठेवत होते, भांड्याचा आवाज होऊ न देता.