वीतभर पडद्यावरील कौलाची हकिकत

अक्षरांस जागा देणारी सरस्वती आणि मार्ग मोकळा करणारे गजानन, उभयतांस दंडवत करोन लिहिले जाते ऐसे जे, शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी संवत्सर, कार्तिकमासी राज्यात नावेचा प्रश्न निघाला. नदीस चार कोसांवर नवा पूल जाहला, सबब पैलतीरीची जुनी नाव बंद करावी ऐसे कारभारी रायाजीपंतांचे मनी आले, आणि महाराज बोलिले, "रयतेस पुसल्यावाचून नाव बांधोन ठेवू नये." मग ऑनलाइन कौल घ्यावा ऐसे ठरोन फॉर्म रचावयाची आज्ञा सगुणाबाई पारसनीस यांस जाहली. बाई बहुत हुन्नरी. त्यांनी कचेरीतील थोरल्या पडद्यावर सुरेख तक्ता मांडिला, डावीकडे प्रश्न आणि उजवीकडे ओळीने पाच खाने, 'पूर्ण मान्य' येथून 'पूर्ण अमान्य' येथवर. पंत पाहोन खूश जाहले आणि फॉर्म गावोगाव रवाना जाहला. आठ रोजांनी उत्तरे आली, तो पैलतीर एकमुखाने म्हणे, नाव बंद करणे मान्य! पंतांनी पेढे मागविले. बाईंस मात्र पेढा गोड लागेना, कारण आलेल्या उत्तरांत खुद्द ती नाव वल्हविणारी ठकूबाई भोई हिचेही 'मान्य' होते. मग बाई जातीने नदीच्या घाटावर गेल्या आणि पुसत्या जाहल्या, "ठकूबाई, तुम्हीच नाव बंद करा म्हणता?"

"काय करू बाय? दोनच खानं दिसत्यात, दोनी मान्याचंच. दाबल्याबिगर फुडं जाऊ देईना, तांबडी अक्षरं अंगावर येत्यात."

बाईंनी तिचा मोबाईल हाती घेतला, तो उरले तीन खाने पडद्याबाहेर गेलेले, बोटाने सरकविता सरकेनात. बाई पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, "चूक माझी. मी कचेरीच्या पडद्यावरच पाहिले." ठकूबाई हसोन बोलिली, "मंग नीट करा की! आधी च्या घ्या." मग बाई दरबारी आल्या आणि आपली चूक आपले मुखे सांगितली. पंत कष्टी होऊन म्हणाले, "फिरोन पुसल्यास दरबाराची शोभा काय राहील?" बाईंनी अर्ज केला, "ज्यांस नाही म्हणावयास जागा नव्हती, त्यांचे होय धरू नये, महाराज." महाराजांनी आठ रोज दिले. बाईंनी तक्ता मोडिला, एका वेळी एकच प्रश्न ठेविला, पाचही उत्तरे एकाखाली एक रचिली, अंगठा बसेल ऐसी बटणे थोर केली, आणि टॅब्लेट, संगणक, फुटक्या काचेचे जुने मोबाईल, सर्व मागवोन एकेकावर आपण भरोन पाहिले. पंतांसही एक मोबाईल दिला. ते चष्मा कपाळी सारोन भरिते जाहले, आणि शेवटचे बटण दाबोन लेकरासारखे ओरडले, "गेला! माझा गेला!" आणि सारी कचेरी हसो लागली.

मग दुसरा कौल आला. पैलतीरीचे हजारांत नऊशे साठ जण म्हणाले, नाव हवी, आणि 'आणखी काही सांगणे' या जागी बहुतांनी लिहिले की नावेस छप्पर करावे, उन्हाने डोकी तापतात. महाराजांनी ते मोठ्याने वाचिले आणि छपराची आज्ञा दिली. माघमासी छप्पर चढले, ते दिवशी घाटावर ताशे वाजले, ठकूबाईने सगुणाबाईंस हात धरोन नावेत बसविले आणि नाव निघाली. येणेप्रमाणे नाव राहिली, आणि तेव्हापासोन त्या राज्यात कोणताही फॉर्म आधी ठकूबाईचे मोबाईलवर भरोन पाहतात, मग दरबारी शिक्का होतो.