घरचा पाहुणा

भाताच्या कुकरची धून वाजली आणि शांत घरात चिझुरु दचकली. पहाटेपासून ती ओठांतल्या ओठांत घोकत होती, "आपण मोलाचा वेळ काढून इथवर येण्याची कृपा केलीत..." बेटावरच्या शाळेच्या पालकसभेत व्याख्यानाला येणाऱ्या प्राध्यापकांची ओळख करून द्यायची होती. वाकायचं कुठे, थांबायचं कुठे, सगळं पाठ.

तेवढ्यात पालकसभेच्या अध्यक्ष हातोरीबाईंचा फोन आला. "अगं, वाऱ्यानं बोट बंद! प्राध्यापक पलीकडेच अडकले. तुझ्या वडिलांना सांगितलंय मी. एक्केचाळीस वर्षं दीपगृह सांभाळलं, चाळीस मिनिटं बोलतील की!"

"बरं. मग नाव तेवढं बदलते."

"नाव? अगं वेडे, वडील ना तुझे? चारचौघांत घरच्या माणसाला 'कृपा केलीत' म्हणतात होय? बाहेरच्याला वर चढवायचं, घरच्याला खाली ठेवायचं. हसतील गं लोक!"

चिझुरुने पेन्सिल घेतली. 'आदरणीय' गेलं. 'कृपा' गेली. वादळात यंत्र बंद पडलं तेव्हा वडिलांनी रात्रभर हाताने दिव्याचं भिंग फिरवून अकरा होड्या परत आणल्या, ती तर बढाईच, तीही गेली. उरलं ते तिने सभेत कमरेत वाकून म्हटलं, "हे आमचे वडील. दिवा लावायचं काम करायचे. फारसं काही येत नाही त्यांना. आपला वेळ खाणार आहेत, माफ करा."

वडील तोकुझो लेकीच्या लग्नातला सूट घालून आले होते. दीपगृह आपोआप चालू लागल्यापासून त्यांना कुणी काही विचारलंच नव्हतं. मांडीवर फडक्यात बांधलेला, भिंग फिरवायचा जुना दांडा होता. ते उठले, वाकले.

"लेक म्हणते ते खरंय. संध्याकाळी दिवा लावायचो. सकाळी विझवायचो." फडक्याच्या गाठीशी बोटं गेली. "झालं."

आणि बसले. फडक्याची गाठ सुटलीच नाही.

उरलेली अडतीस मिनिटं हातोरीबाईंनी चहावर काढली. "काय गं तुझी भाषा! एक शब्द इकडचा तिकडे नाही. पुढच्या वर्षीही तूच हं!"

परतताना तोकुझो पुढे चालत होते, बोचकं काखेत.

"बाबा, त्या अकरा होड्या..."

"छान बोललीस," ते मागे न बघता म्हणाले. "तुझ्या आईला नसतं जमलं."

सात वर्षांच्या कोहारुने चिझुरुचा हात ओढला. "आई, प्राध्यापकांना चांगलं म्हणायचं, कारण ते बाहेरचे. हो ना?"

"हो."

"मग आजोबा बाहेरचे कधी होणार?"