थोडंसं शेणखत

मंडळी, अंदाजाच्या बाबतीत उषाबाईंचा हात धरणारं अख्ख्या जाफराबाद तालुक्यात कुणी नव्हतं. गावात हरिनाम सप्ताह बसला की काल्याच्या कीर्तनाला किती माणूस येणार आणि किती पोती डाळ शिजवायची, हे पंच त्यांना विचारून ठरवायचे. त्यांचं तत्त्व साधं होतं. उरलं तर गाईगुरं आहेत, पण कीर्तन ऐकून उठलेला माणूस उपाशी जाता कामा नये. तीस वर्षांत त्यांच्या हातचं एकदाही कमी पडलं नव्हतं!

अशा या बाईंना वेड होतं फुलांचं. रंगाच्या रिकाम्या बादल्या, फुटकी घागर, पिचलेला कुकर, जे हाती लागेल त्यात त्या जास्वंद, शेवंती, मोगरा लावत. नवरा धर्मराज येताजाता म्हणायचे, "बारा एकर कापूस हाये घरचा, अन् ही बादल्यायला पाणी पाजून राह्यली." जावा तोंडाला पदर लावून हसायच्या. देवाला वाहिलेलं फूल सगळ्यांना दिसायचं, फुलवणारी कुणाला दिसत नव्हती.

मग जालन्याला शिकणाऱ्या लेकीनं, आकांक्षानं, त्यांना मोबाइलवर 'फुलवेड्या' नावाच्या ग्रुपात घातलं. सगळ्या बायका, आणि सगळ्यांना कुंड्यांचं खूळ. उषाबाईंनी भीत भीत जास्वंदीचा फोटो टाकला. बादलीवरचं 'ऑइल पेंट' स्वच्छ वाचता येत होतं. पाच मिनिटांत एकेचाळीस बदाम आले! एकीनं लिहिलं, "ताई, एवढ्या कळ्या कशा धरल्या, आम्हाला शिकवा ना." तेवढं एक वाक्य उषाबाई दिवसभर पदराला हात पुसून पुसून वाचत होत्या.

उत्तर त्यांनी बोलून पाठवलं. ते अकरा मिनिटांचं झालं. आधी नमन, मग संतसंगतीचा महिमा, मग एक दृष्टांत, आणि जास्वंदीवरच्या पांढऱ्या किडीपर्यंत यायला नववं मिनिट उजाडलं. तरी बायकांनी शेवटपर्यंत ऐकलं, आणि तिघींनी खाली 'रामकृष्ण हरी' लिहिलं. आपले टाळकरी आपल्याला सापडले, असं उषाबाईंना त्या दिवशी वाटलं.

त्यामुळे जालन्याच्या रजनीताईंनी ग्रुपवर विचारलं, की शहरात चांगलं कुजलेलं शेणखत मिळत नाही, आम्हा आठ-दहा जणींना थोडंसं कुठे मिळेल का, तेव्हा उषाबाईंचा अंगठा सगळ्यात आधी वर गेला. काळजी सोडा, त्यांनी कळवलं, मी घेऊन येते.

योगायोगानं दीर कल्याण गोठ्याचे पत्रे आणायला रिकामी ट्रॉली घेऊन जालन्याला निघालाच होता. आठ-दहा जणी म्हणजे किती? शेतकऱ्याच्या घरात शेणखताला ट्रॉलीहून लहान माप नसतं. आणि पहिल्याच देण्यात हात आखडता घ्यायचा? ट्रॉली काठोकाठ भरली. उषाबाई ठेवणीतली हिरवी साडी नेसून ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसल्या, जणू देवीच्या छबिन्यालाच निघाल्या.

तीन तासांनी रजनीताईंची इमारत आली. फाटकातून ट्रॉली आत जाईना, आणि पत्र्याचं दुकान दुपारी बंद होणार म्हणून कल्याणचा जीव खालीवर होत होता. "वहिनी, कुठं टाकू, जल्दी सांगा." वहिनींनी फाटकाकडे बोट केलं. कल्याणनं दांडा ओढला, ट्रॉली मागून कलली, आणि काळंभोर खत फाटकात छातीइतकं उभं राहिलं. कल्याण गेला. फावडंही त्याच्याबरोबर गेलं.

तेवढ्यात रजनीताई हसत खाली आल्या. त्यांच्या एका हातात आइस्क्रीमचा रिकामा डबा होता. अर्ध्या लिटरचा. दुसऱ्या हातात चमचा.

त्यांनी ढिगाकडे पाहिलं. उषाबाईंनी डब्याकडे पाहिलं.

"उषाताई, बाकीचं कुणाचं आहे?"

"समदं तुमचंच, माय."

मागून पांढऱ्याशुभ्र शर्टात रजनीताईंचे यजमान गिरिधरराव आले. ते बँकेत साहेब, शिवाय सोसायटीचे सेक्रेटरी. फाटकात सायकलसुद्धा उभी करू नये, अशी पाटी त्यांनीच लावलेली. त्यांची गाडी आत होती, मंठ्याच्या शाखेची तपासणी बाहेर होती, आणि मध्ये उषाबाईंचं थोडंसं शेणखत होतं. त्यांनी एकदा पाटीकडे पाहिलं, एकदा ढिगाकडे.

रजनीताईंनी डबा खाली ठेवला, मोबाइल काढून ढिगाचा फोटो घेतला आणि मुकाट्यानं वर निघून गेल्या. झालं, उषाबाईंना वाटलं, आता ग्रुपातून आपलं नाव कटलं. त्यांनी साडी खोचली, डबा उचलला आणि ढीग उपसायला घेतला. अर्धा लिटर, अर्धा लिटर. पदरात मोबाइल सारखा वाजत होता. बघायची हिंमत होईना.

पाऊण तासानं पहिली स्कूटी आली. मग दुसरी. मग रिक्षा. फुलवेड्या येऊ लागल्या होत्या! कुणी तांदळाच्या पिशव्या आणल्या, कुणी उशीचे अभ्रे, एकीनं तर नातवाला अंघोळ घालायचा टप आणला. रजनीताई कुठूनसं फावडं घेऊन आल्या. "असं खत बघायला मिळत नाही हो उषाताई, एक कणसुद्धा सोडायचा नाही," असं म्हणून त्यांनी पहिला अभ्रा भरला. शेवटी गिरिधररावांनीही बाह्या वर केल्या. चार वाजता गाडी निघाली. शर्टाविषयी न बोललेलं बरं. जाताना फुलवेड्यांनी ठरवून टाकलं की पुढच्या रविवारी आम्ही दहा जणी तुमच्या बादल्या बघायला येणार.

घरी सगळं ऐकून धर्मराज बराच वेळ हसले. "आता तरी मोजून करत जाय," म्हणाले.

उषाबाईंनी मनावर घेतलं. ग्रुपवर विचारून घेतलं, कोण किती खाणार. शहरातल्या बायका त्या, कुणी अर्धी भाकरी लिहिली, कुणी पाऊण. बेरीज करून, वर चार धरून, त्यांनी मोजून बारा भाकरी थापल्या.

रविवारी जीप आली. तिच्यामागे दुसरी जीप आली. दहा जणी होत्या, त्यांचे यजमान होते, तीन सासवा होत्या. गिरिधरराव लिंबाखाली बसले आणि ठेच्याबरोबर त्यांनी एकट्यानं पाच भाकरी संपवल्या. तीस वर्षांत पहिल्यांदा उषाबाईंच्या घरी अन्न कमी पडलं!

पण फुलवेड्या चुलीपुढे बसल्या आणि भाकरी थापू लागल्या. भाकरी कमी, नकाशेच जास्त. जावा पदर बाजूला करून हसत त्यांना शिकवत होत्या. अंगणात धर्मराज तिन्ही सासवांना बादली-बादली फिरवून सांगत होते, "हे जास्वंद आमच्या मंडळीनंच लावलं बरं का, बिलकुल कीड न्हाई."

एवढ्यात लिंबाखालून गिरिधररावांचा आवाज आला, "वहिनी, थोडासा ठेचा मिळेल का?"

उषाबाई पाटा तसाच सोडून बाहेर आल्या आणि अगदी गंभीरपणे म्हणाल्या, "भाऊजी, थोडा म्हंजे किती, ते आधी सांगा."